सोलापूरवरनं सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईत उतरल्यावर आईला घेऊन मरोळला कसं जायचं? (गुडघेदुखी + सामान)

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, आधी कुठं चर्चा झाली असेल तर तिकडं पाठवा.
बहीण अंधेरी ईस्टला मरोळ नाक्याजवळ राहते. आठवा महिना संपत आलाय, बाळंतपणाला ती इकडंच येणार होती पण डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला, त्यामुळं आता आईच तिकडं जायलीय दोन-तीन महिन्यांसाठी. मी सोडायला जाणार आणि दुसऱ्या दिवशी परत. सिद्धेश्वरचं रिझर्वेशन झालंय, आईला लोअर बर्थ मिळालाय, तिथपर्यंत सगळं ठीक. अडचण त्याच्या पुढं आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीवर हळूहळू चालते, पण जिना म्हणलं की एकेक पायरी, कठड्याला धरून, आधी उजवा पाय मग डावा त्याच पायरीवर, मग पुढची. सामान म्हणजे एक ट्रॉली बॅग, एक गाठोडं (दोन चादरी आणि बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी) आणि एक स्टीलचा डबा, डिंकाचे लाडू शेंगाचटणी कडक भाकरी, जो ती दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही.
मॅप म्हणतोय दादरला उतरा, पाहुणे म्हणायलेत कल्याणला उतरा, बहीण म्हणते टॅक्सी करा पैसे मी देते. मी मुंबईला आयुष्यात तीनदा गेलोय, तेही कॉलेजात असताना, एकटा, पाठीवर एक सॅक. आईला घेऊन कधीच नाही. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

पार्कचौक
दादर. डोळे झाकून दादर. सेंट्रलवरनं ब्रिज चढून वेस्टर्नला जायचं, अंधेरी लोकल, अंधेरीला मेट्रो १ धरायची, वर्सोवा-घाटकोपर, मरोळ नाका त्याच लाईनवर आहे. आम्ही कायम असंच जातो.

डोंबिवलीतला_सोलापुरी
दादर नको. मी सतरा वर्षं इथं आहे म्हणून सांगतो. कल्याणला उतरा, गाडी पहाटे येते तेव्हा लोकलला अजून मरणाची गर्दी नसते, कल्याणवरनं सीएसएमटीकडं (मुंबईचं शेवटचं स्टेशन) जाणारी लोकल पकडा, घाटकोपरला उतरा, तिथं मेट्रो १ सुरू होते म्हणजे बसायला जागा मिळते, मरोळ नाका तिथनं थोडीच स्टेशनं. मेट्रो १ जून २०१४ ला सुरू झाली तेव्हापासनं आमच्याकडचे अंधेरीला जाणारे सगळे घाटकोपरवरनंच जातात, दादर कुणी करत नाही.
फक्त दोन गोष्टी. एक, लोकलचं तिकीट मोबाईलवर आधीच काढून ठेवा. दुसरी, सिद्धेश्वर लेट झाली आणि कल्याणला सात वाजले तर मात्र हे सगळं विसरा. सात ते दहा कल्याणवरनं मुंबईकडं जाणाऱ्या लोकलमध्ये गुडघे दुखणाऱ्या बाईला चढवायचं नाही, म्हणजे नाहीच.

भवानीपेठ
कल्याणचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो, आपल्याकडनं भिवंडीला जाणारे खूप आहेत, आमचे निम्मे पाहुणे तिकडं यंत्रमागावर कामाला गेले ते तिथलेच झाले. भिवंडीला जाणाऱ्यांनी पुढं ठाणे-दादर काही करू नये, कल्याणलाच उतरायचं आणि दुर्गाडीच्या पुलावरनं कोनगावमार्गे जाणारी बस किंवा शेअर रिक्षा धरायची. भिवंडी रोड नावाचं स्टेशन आहे पण ते वसई-दिवा लाईनवर, गाड्या मोजक्या, त्याच्या नादी लागू नका. माझी आत्या एकदा त्या नावावर भुलून दिव्याला जाऊन तीन तास बसली होती.
मूळ प्रश्नाला उत्तर नाही, पण कुणाला तरी उपयोग होईल.

अक्का_विजापूररोड
मी सगळं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही सगळे मिनिटं मोजायलाय. आईंना घेऊन जायचंय ना, मग मिनिटं नका मोजू, जिने मोजा. किती वेळा चढायचं, किती वेळा उतरायचं, किती वेळा गाडी बदलायची, एवढंच मोजा. बाकी अर्धा तास इकडं का तिकडं.
मी सासूबाईंना उपचारासाठी सहा महिने मुंबईला नेत होते, महिन्यातनं एकदा. पहिल्या खेपेला असंच सगळ्यांनी सांगितलं दादर, म्हणून दादरला उतरलो. गाडी दादरला थांबते ती थोडाच वेळ. दारात आधीपासनं सामान लावून उभं राहावं लागतं, सासूबाई पहाटे चारपासनं उठून बसलेल्या, दर स्टेशनला विचारायच्या आलं का. उतरलो एकदाचं. मग तो ब्रिज. आपल्याला वाटतं ब्रिज म्हणजे सोलापूर स्टेशनसारखा, चढलो चाललो उतरलो. तिथं माणसं चालत नाहीत, वाहतात. आपण एकेक पायरी चढतोय आणि मागनं लोंढा येतोय. कुणी वाईट बोललं नाही हां, उलट एका कॉलेजच्या पोरीनं न विचारता आमची बॅग उचलली, वर नेऊन कठड्याला ठेवली आणि गेली, चेहरासुद्धा नीट बघितला नाही मी तिचा. पण सासूबाई मध्येच थांबल्या, दम लागला म्हणून, आणि तेवढ्यात दोन गाड्या एकदम आल्या. मी त्यांना भिंतीशी उभं करून स्वतः आडवी उभी राहिले. पाच मिनिटं असेल पण माझे हातपाय गार पडले. एल्फिन्स्टन रोडच्या ब्रिजवर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ माणसं गेली ती अशाच जिन्यावर, पावसाला थांबलेली माणसं वर, येणारी माणसं खाली. त्या स्टेशनचं नाव आता प्रभादेवी आहे, नंतर लष्करानं तिथं नवीन पूल बांधला. पण मला त्या दिवशी दादरला तेच आठवत होतं.
दुसऱ्या खेपेपासनं आम्ही दादर सोडलं.
म्हणून सांगते. जिन्यावर थांबायची वेळ येईल असा रस्ताच घेऊ नका.

पार्कचौक
अक्का, खरं आहे तुमचं. आम्ही धडधाकट माणसं, आमच्या डोक्यातच येत नाही. एक भर घालतो, दादरला आता प्लॅटफॉर्मचे नंबर बदललेत, डिसेंबर २०२३ पासनं. पूर्वी वेस्टर्नला पण एक नंबर होता आणि सेंट्रलला पण एक नंबर, आता वेस्टर्नला १ ते ७ आणि सेंट्रलला ८ ते १४. जुन्या माणसांनी सांगितलेला नंबर धरून जाऊ नका.

जुळेसोलापूरकर
अक्का मनापासनं आभार. तुमचं वाचून आईला दाखवलं नाही, नाहीतर ती जायचीच नाही.
मग जिने मोजायचे झाले तर कुठला रस्ता? कल्याण-घाटकोपर केलं तर कल्याणला ब्रिज आहेच ना, आणि घाटकोपरला लोकलवरनं मेट्रोत जायला परत वर. टॅक्सीच करू का?

डोंबिवलीतला_सोलापुरी
घाटकोपरला सरकते जिने आहेत, पण सकाळी त्यांच्याच समोर रांग असते हे कबूल करतो.
टॅक्सी वाईट नाही. पहाटे सहाच्या सुमारास दादरवरनं निघालात तर रस्ता मोकळा असतो. पण गाडी तासभर लेट झाली की हायवेवर अडकणार, आणि सिद्धेश्वर लेट होणार का नाही हे तुमच्या हातात नाही.

सातरस्ता
मी सीप्झला कामाला आहे, रोज मरोळवरनं जातो. दादा, तुम्ही कुठंच मध्ये उतरू नका. शेवटपर्यंत जा. सीएसएमटी.
मेट्रो ३ आता पूर्ण झालीय, कफ परेड ते आरे. आरेचं स्टेशन सोडलं तर सगळी भुयारी. ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ पासनं थेट कफ परेडपर्यंत. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, आणि त्यात सीएसएमटी पण आहे आणि मरोळ नाका पण आहे. म्हणजे एकदा बसलात की बहिणीच्या दारात. एकपण बदल नाही. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, एसी आहे. प्लॅटफॉर्मच्या कडेला काचेची दारं आहेत, गाडी आल्यावरच उघडतात, त्यामुळं आईंना फट बघून पाय टाकायची भीती नाही. लोकलला फूटबोर्ड आणि प्लॅटफॉर्मच्या मध्ये जी फट असते ना, तिथंच म्हातारी माणसं अडखळतात.
तिकीट अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये.

डोंबिवलीतला_सोलापुरी
अरे पण हे उलटं नाही का? मरोळ उत्तरेला, गाडी ठाण्यावरनं दादरवरनं खाली येणार, तुम्ही पार दक्षिणेच्या टोकाला जाणार आणि परत तेवढंच वर यायचं. दादर दोनदा ओलांडायचं, एकदा वरनं आणि एकदा जमिनीखालनं. पाऊण तास तरी जास्त जाईल.

सातरस्ता
जाईल की. बसून जाईल.

अक्का_विजापूररोड
हेच. हेच मी म्हणत होते. आमच्या वेळी ही मेट्रो नव्हती. आम्ही दुसऱ्या खेपेपासनं सीएसएमटीच करत होतो आणि तिथनं टॅक्सी. शेवटच्या स्टेशनला उतरायची घाई नसते, गाडी रिकामी होऊ द्यायची, सगळ्यात शेवटी उतरायचं, हमाल सावकाश बघायचा. आणि तिथं मेल-एक्स्प्रेसचे फलाट टोकाला संपतात, त्यामुळं सरळ चालत बाहेर, ब्रिज चढायला लागत नाही. एकपण जिना नाही. सासूबाई त्या दिवशी म्हणाल्या, ही मुंबई बरी आहे गं.

हुतात्मा_पासवाला
पुण्याचं पण तसंच झालंय आता, थोडं विषयांतर करतो. मी आठवड्यातनं दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातो, काम कोथरूडला. पूर्वी एसटीनं जायचो कारण वाटायचं गाडी गावात सोडते. गावात सोडते खरी पण लोणी काळभोरपासनं जे रांगणं सुरू होतं ते हडपसर, फातिमानगर, स्वारगेट. सोलापूरपासनं हडपसरपर्यंत जेवढा कंटाळा येत नाही तेवढा हडपसर ते स्वारगेट येतो. आता रेल्वेनं पुणे स्टेशन, तिथंच मेट्रोचं स्टेशन आहे, वनाजकडं जाणारी धरायची, सरळ कोथरूड. स्वारगेटला जायचं असेल तर सिव्हिल कोर्टला बदलायचं, सप्टेंबर २०२४ पासनं तिथपर्यंत मेट्रो जाते. त्या सिव्हिल कोर्टला मात्र एक लाईन वर आणि एक पार खाली आहे, भरपूर सरकते जिने आहेत, घाई करू नका.
आपल्या लोकांची एक सवय सांगतो, मलापण होती. आपल्याकडं कसंय, हात केला की शेअर रिक्षा थांबते, आसरा चौक का म्हणलं की बसा म्हणतो, तोंडानं विचारून सगळं होतं. तिकडं विचारायच्या आधी वर बघायला लागतं. इंडिकेटरवर गाडी कुठली, फास्ट का स्लो, किती डब्यांची. विचारलेला माणूस पण घाईत असतो, तो त्याच्या गाडीचं सांगतो.

पार्कचौक
इंडिकेटरवरनं आठवलं. माझा चुलतभाऊ अंधेरीला जायचं म्हणून विरार फास्टमध्ये चढला दादरला, संध्याकाळी सहा वाजता. फास्ट आहे, लवकर जाईल. अंधेरी आलं पण त्याला दारापर्यंत पोचताच आलं नाही. बोरिवलीला उतरला आणि उलटा आला. अंधेरीला जायचं तर अंधेरीचीच नाहीतर बोरिवली स्लो पकडायची, दोन स्टेशनं आधीच दाराकडं सरकायचं आणि पुढच्याला विचारायचं, अंधेरी उतरणार का. तो नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची. हे कुणी शिकवत नाही.

जुळेसोलापूरकर
सीएसएमटी ठरलं. आईला पण पटलं, तिला शेवटचं स्टेशन हे ऐकूनच निम्मा धीर आला. @सातरस्ता दोन शंका. स्टेशनवरनं मेट्रो किती लांब? आणि वंदे भारतनं नेलं असतं तर बरं झालं असतं का?

सातरस्ता
मेल-एक्स्प्रेस ८ ते १८ नंबरला लागतात, लोकल १ ते ७. तुम्हाला लोकलच्या बाजूनं पुढच्या दारानं महापालिकेच्या इमारतीकडं बाहेर यायचंय. चालायला आहे थोडं, पण सपाट. मेट्रोची पाटी दिसली की लिफ्ट कुठं आहे ते विचारा, सबवेच्या पायऱ्या उतरू नका. खाली बॅग तपासायचं मशीन आहे, सगळं सामान पट्ट्यावर ठेवायला लागतं. तिकीट काउंटरलाच काढा, भुयारात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. दोघांची दोन तिकिटं, आणि ती टाकून देऊ नका, बाहेर पडताना परत लावायला लागतात. प्लॅटफॉर्मवर आरेकडं जाणारी बाजू. रविवारी पहिल्या गाडीची वेळ वेगळी असते, आदल्या दिवशी बघून घ्या.
अजून एक, मेट्रोचं दादर आणि रेल्वेचं दादर एकमेकाला चिकटून नाहीत. कुणी म्हणालं दादरला उतरून मेट्रो ३ धरा तर ऐकू नका, सामान घेऊन बरंच चालायला लागतं.

अक्का_विजापूररोड
वंदे भारत चांगली आहे, फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली तेव्हापासनं आमच्या घरचे तिनंच जातात, सकाळी निघून दुपारी मुंबईत, तेव्हा गर्दी पण कमी. पण साडेसहा तास बसून राहायचं, पाय लांब करता येत नाहीत. गुडघ्यांना आडवं झोपून गेलेलं बरं. तुम्ही येताना एकटे आहात ना, तुम्ही या तिनं.

जुळेसोलापूरकर
(अकरा दिवसांनी)
मंडळी, पोचलो. उशीर झाला लिहायला.
गाडी पस्तीस मिनिटं लेट होती. कल्याणला थांबली तेव्हा खिडकीतनं समोरचा प्लॅटफॉर्म बघितला, डोंबिवलीकर दादा, तुम्ही म्हणालात ते पटलं. आईनं पण बघितलं आणि माझा हात धरला, काही बोलली नाही. दादरला डबा निम्मा रिकामा झाला. सीएसएमटीला आम्ही दोघंच राहिलो होतो, सफाईवाला आत आला तेव्हा उठलो. आई सावकाश उतरली, प्लॅटफॉर्मवर उभी राहिली, साडी नीट केली. चालायला दहाएक मिनिटं लागली, मध्ये एकदा बाकावर बसलो.
तपासायच्या मशीनपाशी थोडा वेळ गेला. डबा पट्ट्यावर ठेवायला आई तयार नव्हती, उलटा होईल म्हणे, चटणीचं तेल सांडेल. तिथल्या ताईंनी ऐकून घेतलं, स्वतः दोन्ही हातांनी डबा सरळ ठेवला, पलीकडं जाऊन सरळ उचलून दिला, काय आहे मावशी विचारलं. लाडू म्हणल्यावर हसल्या, लेकीकडं का म्हणाल्या. आईचा चेहरा जो खुलला तो मरोळपर्यंत.
लिफ्टनं खाली, काचेची दारं, बसायला जागा. आईच्या मांडीवर डबा, पायाशी गाठोडं. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, नावं ऐकत होती. सिद्धिविनायक आलं तसे तिनं हात जोडले, मग मला विचारलं, आपल्या डोक्यावर देऊळ आहे का रे आत्ता. मी म्हणलं जवळच आहे. दादर आलं तेव्हा मला अक्का आठवल्या. वर काय चाललं असेल ते माहीत होतं आणि आम्ही खाली बसलेलो.
मरोळ नाक्याला भावजी घ्यायला आले होते. वर यायला परत लिफ्ट. मी मोजलं अक्का, सोलापूर स्टेशन सोडल्यावर बहिणीच्या घरापर्यंत आई एकूण चार पायऱ्या चढली, त्या त्यांच्या बिल्डिंगच्या.
आणि परवा मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

अक्का_विजापूररोड
चार पायऱ्या! वाचून डोळ्यात पाणी आलं. बाळबाळंतिणीला आशीर्वाद. आईंना सांगा, परत येताना पण हाच रस्ता, उलटा.

डोंबिवलीतला_सोलापुरी
अभिनंदन मामा झालात! मी या आठवड्यात मुद्दाम डोंबिवलीवरनं सीएसएमटीला जाऊन ती मेट्रो बघून आलो. माझे आईवडील दिवाळीला येतात दरवर्षी, बोरिवलीला भावाकडं. आतापर्यंत मी त्यांना दादरच करायला लावत होतो.

जुळेसोलापूरकर
धन्यवाद सगळ्यांना. आता बारशाला अण्णा जायचेत, ते एकटेच, ७२ वय, स्मार्टफोन वापरत नाहीत. बाकी ठणठणीत आहेत पण ऐकायला कमी येतं, अनाउन्समेंट कळणार नाही. म्हणून मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलंय, शर्टच्या खिशात राहील असा. बघून सांगा काही राहिलंय का:
"सगळे उतरल्यावर उतरायचं. फलाट संपेपर्यंत सरळ, मग लोकलकडच्या बाजूनं बाहेर. ब्रिज चढायचा नाही. मेट्रोची पाटी. लिफ्ट विचारायची. तिकीट मरोळ नाका, खिशात जपून ठेवायचं. आरेकडची गाडी. दारावरच्या पट्टीवर स्टेशनचं नाव येतं ते बघत राहायचं. एअरपोर्ट नाव दोनदा येतं, त्यानंतर मरोळ नाका. बाहेर भावजी."

सातरस्ता
एअरपोर्टच्या दोन स्टेशनांच्या मध्ये सहार रोड येतं, ते पण लिहा, नाहीतर गोंधळतील. आणि कुठल्या गेटनं वर यायचं तेही लिहा. मरोळ नाक्याला गेट बरेच आहेत, चुकलं की वर मोठा रस्ता ओलांडायला लागतो.

जुळेसोलापूरकर
बरं झालं सांगितलं. भावजींना विचारून गेटचा नंबर लिहितो, लाल पेननं.